पाचवी चिमणी

मननासाठी शास्त्रभाग : निर्गम २३:१०-११, लूक १२:६, २ करिंथ ८:१३-२१



नियमशास्त्रातील काही वचने आपण वाचतो, पण त्यांच्यापाशी थांबत नाही. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातील दहावे आणि अकरावे वचन त्यांपैकीच आहे. सहा वर्षे शेत पेरावे व पीक गोळा करावे. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी. तिच्यात आपोआप उगवेल ते लोकांतील दरिद्र्यांनी खावे आणि त्यांच्या हातून उरेल ते वनपशूंनी खावे. द्राक्षमळा आणि जैतुनांची बाग यांच्या बाबतीतही तसेच करावे. एवढीच आज्ञा. शब्बाथ वर्षावर प्रवचने पुष्कळ होतात, पण ती बहुधा भूमीच्या विसाव्यावर होतात. या वचनात दरिद्री मनुष्य आणि रानातील पशू एकाच ताटाला बसविले आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

येथे 'पशू' म्हणजे गोठ्यातील गाय-बैल नव्हेत. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते, तेव्हा पाळीव जनावरे आणि देशातील वनपशू यांचा वेगवेगळा उल्लेख आहे. ज्याचे दूध काढता येत नाही, ज्याच्या मानेवर जू ठेवता येत नाही, अशा जिवासाठी परमेश्वराने इस्राएलाच्या शेतात वाटा राखून ठेविला. आणि हा वाटा कोणाच्या पदरचा? दरिद्र्याच्या नव्हे. ज्याच्या नावावर शेत आहे, सहा वर्षांचे धान्य ज्याच्या कोठारात गेले आहे, त्याच्या पदरचा. आजच्या भाषेत सांगायचे तर वन्य जीवांच्या रक्षणासाठी निधी कोठून यावा, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. खर्च धन्याने सोसावा. लाभ प्रथम गरिबाला व्हावा. आणि गरिबाचे पोट भरताना पशूचा घास काढून घेतला जाऊ नये.

हे उत्तर हाती घेऊन आजच्या एका गावाकडे पाहू या. गाव दूरचे आहे, पण त्याची गोष्ट परकी नाही.

चेन्नईच्या वायव्येस अंबत्तूर आहे. १९६४ साली तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पाहता पाहता ती दक्षिणेतील लहान-मध्यम कारखान्यांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक झाली. मोटारींचे सुटे भाग, यंत्रांचे दाते, ओतीव काम, अशा असंख्य वस्तू तेथे घडतात. ज्यांनी चिंचवड-भोसरी किंवा अंबरनाथ पाहिले आहे, त्यांना अंबत्तूरचे वर्णन वेगळे सांगावयास नको. या वसाहतीच्या आधीपासून तेथे तळी आहेत. तमिळ लोक त्यांना 'एरी' म्हणतात. उतारावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, त्यावर भात पिकवायचे, आणि एका एरीचे ओसंडलेले पाणी खालच्या एरीत सोडायचे, अशी ही जुनी साखळी आहे. अंबत्तूरची एरी आणि शेजारच्या कोरट्टूरची एरी याच साखळीचे दुवे. तेथे पाणकावळे पंख वाळवीत बसतात, टिबुकल्या बुड्या मारतात, थंडीत पाहुणे पक्षी उतरतात.

भातशेती गेली, घरे आली, कारखाने आले. २०११ साली अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. आणि ज्या नाल्यांतून पावसाचे पाणी एरीत यावयाचे, त्यांतून सांडपाणी व कारखान्यांचे मैले पाणी येऊ लागले. कोरट्टूरच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठविला. शाळकरी मुलेही त्यात उतरली. शेवटी प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. पंचतारांकित बैठकीत बसून कोणी हे तळे वाचवावयास निघाले नव्हते. ज्यांच्या विहिरीला वास येऊ लागला ते निघाले.

आता हिशेब पाहा. एरीची निगा राखण्यास पैसा लागतो : गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे, सांडपाणी शुद्ध करूनच पुढे सोडणे. हा पैसा वेळेवर खर्च केला नाही म्हणून तो वाचला काय? डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईने त्याचे व्याज भरले. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे जलाशय कोरडे पडले आणि लोक टँकरसाठी रांगा लावून उभे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने अंबत्तूरच्या वसाहतीत पाणी शिरले, यंत्रे बुडाली, लहान कारखानदारांचे कंबरडे मोडले. पाण्याचा मार्ग आणि पाण्याची जागा आपण हिरावून घेतली, म्हणून पाणी आपल्या जागेत आले. टिबुकलीचे घर राखण्याचा खर्च आणि कामगाराची रोजी राखण्याचा खर्च हे दोन वेगळे खर्च नाहीत, ही गोष्ट मोशेच्या नियमशास्त्राने एका वाक्यात सांगितली होती.

तमिळ देशाच्या पूर्वजांना ती कळली होती, असे म्हणावयास जागा आहे. कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातील, चोळ राजा परांतक याच्या काळातील शिलालेख आहेत. गावच्या कारभारासाठी निवडलेल्या समित्यांत तळ्याची समितीही त्यांत नोंदलेली आहे. तळे सांभाळणे हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले पुण्यकर्म नव्हते. ते गावाच्या हिशेबात लिहिलेले काम होते. त्याच परिसरात वेदान्तांगल आहे. तेथील तळ्यातील झाडांवर दरवर्षी हजारो पाणपक्षी घरटी करतात. गावकरी त्यांना पिढ्यान् पिढ्या जपत आले, याचे कारण केवळ भूतदया नव्हे. पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी सकस होते व ते पाणी भाताला मिळते. १७९८ च्या सुमारास इंग्रज कलेक्टर लायोनेल प्लेस यांनी पक्षी राखण्याच्या गावकऱ्यांच्या या हक्काला मान्यता दिली, असे सांगतात. २०२२ साली वेदान्तांगलची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली. शेतकऱ्याने पक्ष्याला जागा दिली, पक्ष्याने शेताला खत दिले. एवढ्या सरळ व्यवहाराला आज आपण मोठमोठी नावे देतो.

परंतु, प्रिय वाचकहो, सर्वच ठिकाणी व्यवहार इतका सरळ नसतो. बगळा भाताला खत देतो. वाघ शेतकऱ्याला काय देतो?

१९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा त्यात नऊ राखीव क्षेत्रे होती आणि आपला मेळघाट त्यांपैकी एक होता. तेव्हापासून वाघ वाढले, ही देवाची कृपा आणि अनेक वनरक्षकांचे कष्ट. पण चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या भोवतालच्या गावांत जाऊन विचारा, या वाढीची किंमत कोण देतो ते. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचावयास गेलेली बाई, तेंदूपत्ता तोडावयास गेलेला मजूर, गुरे चारणारा म्हातारा यांच्यावर वाघाची झडप येते. पेरणी झाली की रोही आणि रानडुकरे शेतात उतरतात. मग रात्रभर मचाणावर जागल. पुण्या-मुंबईतील घरात जी वीज येते, तिच्यात चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा वाटा आहे. नद्यांचे उगम जंगलात आहेत. वाघ पाहून, छायाचित्र काढून आपण समाधानाने परततो. लाभ दूरच्याला आणि भुर्दंड जवळच्याला, हा उलटा न्याय आहे. निर्गमातील व्यवस्थेत धनी खर्च सोसत होता. आपल्या व्यवस्थेत बराच काळ दरिद्रीच वनपशूला आपल्या पदरचे खाऊ घालीत आला आहे.

हे कोणी ओळखले नाही असे नाही. २००६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्रक्षेत्रासाठी प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद आली. त्यामुळे प्रवाशांच्या प्रवेशशुल्काचा पैसा तेथेच राहून जंगलाच्या व भोवतालच्या गावांच्या कामी लावता येऊ लागला. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. जळाऊ लाकडासाठी जंगलात जावे लागू नये म्हणून गॅसजोडणी, शेताला कुंपण, गावातच रोजगार, असा तिचा हेतू. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मनुष्य दगावल्यास कुटुंबास द्यावयाची रक्कम २०२३ साली २५ लाख रुपये करण्यात आली. काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत. गेलेल्या जिवाचे मोल पैशात होत नाही हे खरे; पण जिचा कमावता माणूस गेला, तिला हे वाक्य ऐकवून रिकाम्या हाताने परत पाठवू नये.

पैसा मुळीच नाही, असेही नाही. जंगलाची जमीन खाणीला, धरणाला, रस्त्याला दिली की तिचे मोल भरून घ्यावे आणि त्यातून नवे वन उभे करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. ज्या खटल्यात तो दिला, तो गोदवर्मन यांनी दाखल केलेला. भरणा होत राहिला, रक्कम फुगत गेली, आणि तिच्यातील फार थोडा भाग वर्षानुवर्षे जंगलापर्यंत पोहोचला. कायदा २०१६ साली झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७ हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांच्या स्वाधीन केले, तेव्हा लोकांना कळले की केवढे धन पडून होते. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील तो दास आठवतो, ज्याने धन्याची मोहर रुमालात बांधून ठेवली. त्याने चोरी केली नव्हती. त्याचा हिशेब पैपर्यंत बरोबर होता! तरी धन्याने त्याला दुष्ट म्हटले. आणि आता तो रुमाल सुटला आहे, तेव्हा दुसरी चिंता : शंभर जातींच्या वृक्षांचे रान तोडून त्याच्या मोबदल्यात एका जातीच्या रोपांच्या रांगा लावल्या, म्हणजे रान परत आले असे होत नाही. ज्यांची गुरे तेथे चरत होती, त्यांच्या ग्रामसभेला विचारल्यावाचून लावल्या, तर गरिबाचा घास पुन्हा एकदा गेला.

कारखानदारांसाठीही कायदा आहे. कंपनी कायदा, २०१३ याच्या १३५ व्या कलमान्वये ज्या कंपनीची मालमत्ता, उलाढाल किंवा नफा ठरलेल्या मर्यादेवर आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत. पर्यावरणाचा समतोल आणि वनस्पती व प्राणी यांचे रक्षण ही कामे त्या यादीत आहेत. मात्र पैशाचा मोठा ओघ शिक्षण आणि आरोग्य यांच्याकडे जातो, आणि त्याबद्दल कोण कुरकुर करील? शिवाय अंबत्तूरच्या अनेक लहान यंत्रशाळा त्या मर्यादेखाली येतात. कायदा त्यांना काही मागत नाही. एरीचे पाणी मात्र लहान-मोठा भेद न करता सर्वांच्या दारात शिरते.

परदेशातही नवनवे मार्ग शोधले जात आहेत. २०२२ साली जागतिक बँकेने दक्षिण आफ्रिकेतील काळ्या गेंड्यांसाठी पंधरा कोटी डॉलरचे, पाच वर्षांचे रोखे काढले. गुंतवणूकदाराने नेहमीचे व्याज सोडावयाचे. ते दोन अभयारण्यांत गेंड्यांच्या रक्षणासाठी खर्चावयाचे. आणि मुदतीअखेर गेंडे जितके वाढतील त्या मानाने त्याला वाढीव रक्कम मिळावयाची. युक्ती चतुर आहे, आणि गेंडे वाढले तर कोणाला आनंद होणार नाही? तरी एक शंका मनात राहते. गेंडा मोजता येतो. वाघ पाहावयास प्रवासी तिकीट काढतो. टिबुकलीसाठी रोखे कोण काढील?

येथे प्रभू येशूच्या एका बोलाकडे येऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो म्हणतो की दमडीला दोन चिमण्या विकतात. लूकात म्हणतो, दोन दमड्यांना पाच. गणित जुळते काय पाहा. दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार यावयास हव्यात. पाचवी चिमणी वर फुकट घातलेली आहे. बाजाराने तिची किंमत शून्य ठरविली. ती केवळ सौदा पटावा म्हणून टोपलीत टाकलेली. आणि प्रभू नेमका तेथेच सांगतो की त्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही. या वचनाचा उपयोग आपण 'तुम्ही पुष्कळ चिमण्यांहून मोलवान आहा' या सांत्वनासाठी करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या सांत्वनाचा पाया असा की पाचवी चिमणीही देवाच्या वहीत आहे. तिची नोंद तेथे नसती, तर आपल्या नोंदीचा भरवसा कशावर धरावा?

वन्य जीवांसाठी उभा राहणारा पैसा पहिल्या चार चिमण्यांभोवती गोळा होतो. अंबत्तूरची एरी ही पाचवी चिमणी. ताडोबाच्या सीमेबाहेरच्या, प्रवाशांच्या गाड्या जेथे जात नाहीत अशा गावाची गायरान जमीन ही पाचवी चिमणी. आणि तेथे राहणारा मनुष्यही बहुधा पाचवाच असतो. निनवे नगरीविषयी योनाला उत्तर देताना परमेश्वराने उजव्या-डाव्या हाताचा भेद न कळणारी एक लक्ष वीस हजार माणसे मोजली आणि त्याच श्वासात तेथील गुरेढोरेही सांगितली. नगरावर दया करताना त्याची गणना अशी होती.

मग मंडळीने काय करावे? 'प्रार्थना करावी' असे लिहून लेखणी खाली ठेवणे सोपे आहे. पौलाने तसे केले नाही. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी त्याने दूरदूरच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली, आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तिचे कारण सांगितले : एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी, समानता व्हावी. एवढ्यावर तो थांबला नाही. त्या रकमेबरोबर कोण जाणार, मंडळ्यांनी कोणाला निवडले, यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून काय काळजी घेतली, हेही त्याने लिहून ठेवले. प्रेषिताला हिशेबाची लाज वाटली नाही. वर्गणी, तिचे कारण आणि तिचा हिशेब, तिन्ही एका अध्यायात. वृक्षारोपणाच्या दिवशी छायाचित्र काढून पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावणाऱ्या आपल्या संस्थांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

ख्रिस्ती लोकांनी असे काम केलेच नाही असे नव्हे. १९८३ साली पोर्तुगालच्या किनाऱ्यावर 'अ रोशा' नावाची ख्रिस्ती संस्था पक्ष्यांच्या अभ्यासातून सुरू झाली. तिची भारतातील शाखा बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा जंगलाच्या कडेला हत्ती आणि शेतकरी यांच्या तंट्यावर काम करीत आली आहे. हत्तीही जगावा आणि नाचणीचे पीकही घरी यावे, यासाठी माणसे लागतात, साधने लागतात, आणि म्हणून अर्पण लागते.

आपल्या मराठी मंडळ्यांच्या अगदी दारातले उदाहरण घ्यायचे तर वसईचे बावखल घ्यावे. वाडीला पाणी देणारे, पावसाचे पाणी जिरविणारे, विहिरी गोड्या ठेवणारे हे जुने तळे. अनेक बावखले आपल्याच ख्रिस्ती कुटुंबांच्या मालकीची, कित्येक सामाईक. कमळे, मासे, खंड्या, बगळे यांचे ते घर. आज जमिनीचे भाव असे आहेत की बावखल बुजविले तर कुटुंबाचे दैन्य एका दिवसात फिटावे. राखले तर गाळ काढण्याचा खर्च अंगावर. तरी काहींनी ते राखले आहे, आणि बुजविण्याविरुद्ध तेथील लोक उभेही राहिले आहेत. पण न्यायाने पाहिले तर काय दिसते? पाण्याचा लाभ सगळ्या गावाच्या विहिरींना, आणि लाखो रुपयांवर पाणी सोडण्याची किंमत एका कुटुंबाला. व्यासपीठावरून त्या कुटुंबाला 'सृष्टी सांभाळा' असा उपदेश करणे आणि आपली अर्पणाची पेटी दुसऱ्याच कामासाठी उघडणे, हे याकोबाच्या पत्रातील त्या मनुष्यासारखे झाले, जो उघड्याला ऊब घे म्हणतो आणि वस्त्र देत नाही.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत कापणीचा सण होतो. भोपळे, केळीचे घड, तांदळाच्या पिशव्या, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ज्यांच्याकडे शेत उरले नाही ते बाजारातून विकत आणून अर्पण करतात. त्यात काही वावगे नाही. या लिलावाच्या रकमेतला सातवा वाटा निर्गमातील त्या वचनासाठी वेगळा काढावयास कोणत्याही धर्मप्रांताची आडकाठी येण्याचे कारण दिसत नाही. चंद्रपूरच्या मंडळीने तो जंगलाकडेच्या एखाद्या वस्तीतील शेताच्या कुंपणासाठी द्यावा, वसईकरांनी बावखलाच्या गाळासाठी, चेन्नईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या वस्तीजवळच्या एरीसाठी झटणाऱ्या रहिवाशांना. लाभ घेणारा ख्रिस्ती असावा अशी अट घालू नये. निर्गमात ती नाही. रक्कम लहान असेल. दोन माणसे निवडावीत, त्यांनी प्रत्यक्ष जाऊन यावे, आणि वार्षिक सभेत लेखी हिशेब ठेवावा : किती दिले, कुंपण उभे राहिले की नाही, यंदा त्या शेतातील पीक घरी आले की नाही, आणि तळ्यावर कोणते पक्षी उतरले.